चितंग्याचं पुढे काय झालं?

ताई, स. न. वि. वि.

आम्ही दांडिया बाजारात राहतो. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळे शनिवारी नातवंडं माझ्याकडे असतात. नातू नऊ वर्षांचा, नात सहाची. शाळा इंग्रजी, खेळताना गुजराती, माझ्याशी मोडकंतोडकं मराठी. त्यांची तीन कार्टूनं आता मलाही पाठ झाली आहेत. म्हणून मागच्या महिन्यात मी 'टिंग्या' लावला. नातू मन लावून बघत होता. बैलाला विकायचं ठरलं तसा हुंदके देऊन रडायला लागला. मी घाबरून टीव्ही बंद केला. रात्री सूनबाई म्हणाली, "आई, असले रडके सिनेमे नका दाखवू. दाखवायचंच तर काहीतरी एज्युकेशनल दाखवा." त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आंघोळीला बसता बसता नातू विचारतो, "आजी, म्हातारं झालं की विकतात का?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून पुन्हा तीच कार्टूनं लावून देते आणि स्वयंपाकघरात जाते. लहान मुलांना दाखवण्यासारखे, जरा वेगळे, फारसे कुणाला ठाऊक नसलेले सिनेमे असतील तर सांगा. आणि माझं चुकलं का, तेही सांगा.

— दोन नातवंडांची आजी, बडोदा

काकू, नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात धरूनच तुम्ही महिनाभर कार्टूनं लावताय. चुकलंय, पण सूनबाई म्हणते ते नव्हे. 'टिंग्या' लावलात ते छान केलंत. तो मध्येच बंद केलात, तिथे घोटाळा झाला.

जरा नातवाच्या बाजूनं बघा. जुन्नरकडचं गाव, शेतकऱ्याचं घर, घरातलं धाकटं पोर आणि त्याचा चितंग्या बैल. बैल जायबंदी होतो, कामाचा राहत नाही. डोक्यावर कर्ज, म्हणून बाप विकायचं म्हणतो. पोराला ते काही केल्या पटत नाही. मैत्रिणीची, रशिदाची, नानीपण आजारीच आहे. तिला सगळे औषधपाणी करतात, मग चितंग्यालाच खाटकाकडे का? मंगेश हाडवळे यांचा हा २००८ सालचा सिनेमा या एका सवालावर उभा आहे. तुमच्या नातवानं न्हाणीघरात जे विचारलं ते त्याच्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. सिनेमानंच त्याला बोट धरून तिथवर नेलं, आणि नेमकं तिथे तुम्ही बटण दाबलंत. त्याच्यापुरता चितंग्या महिनाभर बाजाराच्या वाटेवरच उभा आहे. रात्री गोष्ट सांगताना राक्षस दारात आला की "चल, झोप आता" असं कुणी म्हणतं का? राक्षसाला मारूनच दिवा मालवायचा असतो.

तेव्हा येत्या शनिवारी नातवाला नुसतं विचारा, "उरलेला बघायचाय का?" नको म्हणाला तर विषय संपला, पुन्हा महिन्याभरानं विचारा. हो म्हणाला तर शेजारी बसा. स्वयंपाकघरात जायचं नाही, विळी-भाजी घेऊनही बसायचं नाही. त्याला रडू आलं तर येऊ द्या. पाण्याचा पेला जवळ ठेवा. शेवट मी सांगत नाही, तो तुम्ही दोघांनी मिळून बघायचा.

आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्या. तो बैलाबद्दल विचारत होता, पण बघत तुमच्याकडे होता ना? म्हणून सरळ सांगा: हो रे, बैल विकावा लागतो कधी कधी. घरात पैसे नसले की लागतो, आणि विकणारा माणूसही रात्री जेवत नाही. आजीला कुणी विकत नाही. आजी म्हातारी झाली की नातवानं तिला टीव्हीचा रिमोट शोधून द्यायचा असतो. एवढं पुरे होतं नऊ वर्षांच्या मुलाला. त्याला शेतीचं अर्थशास्त्र नकोय, तुम्ही इथेच आहात एवढं ऐकायचंय.

सूनबाईच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. नातीचं तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही, पण ती खोलीत असणारच. सहा वर्षांच्या मुलीला हा सिनेमा जड आहे. आणि मुलांना लावण्याआधी तुम्ही स्वतः तो शेवटपर्यंत पाहिला नव्हतात, असं मला पत्रावरून वाटतंय. हे मी ज्या हक्कानं सांगतेय तो हक्क मी स्वतः ठेच खाऊन मिळवला आहे, तेही ऐका.

शाळेच्या ग्रंथालयात नवीन होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांना सिनेमा दाखवायचा होता. 'चरणदास चोर' मिळाला. श्याम बेनेगलांचा, १९७५ चा, खास चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी केलेला. हबीब तन्वीर यांच्या छत्तीसगढी कलावंतांचा खेळ, आणि मोठ्या पडद्यावर स्मिता पाटील पहिल्यांदा दिसते ती यातच. मी एवढंच ऐकलं होतं की विनोदी आहे, एक चोर खरं बोलण्याची शपथ घेतो. घ्या, याहून संस्कारी काय असणार! दुसरीपासून सातवीपर्यंत सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. तासभर पोरं नुसती लोळत होती हसून. आणि शेवटी तो चोर त्याच खरेपणापायी जिवाला मुकतो. हॉल चिडीचूप. दुसरीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "टीचर, खरं बोललं की मारतात?" सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत मला बराच वेळ उभं राहावं लागलं. निवड चुकली होती असं मला आजही वाटत नाही. पण दुसरीचा वर्ग बसवायला नको होता, आणि रविवारचे दोन तास काढून मी तो आधी बघायला हवा होता. त्यानंतर न बघितलेला सिनेमा मी कुठल्याच मुलाला दाखवलेला नाही.

आता सिनेमे. माझी चाळणी साधी आहे. गोष्ट एका दमात सांगता यायला हवी, आणि त्यात एका मुलाला एखादी लहानशी वस्तू हवी असायला हवी. वही, बूट, छत्री, पतंग, सायकल. पडद्यावरच्या मुलाला जग वाचवायचं असेल तर तो सिनेमा मी बाजूला ठेवते. वाईट असतो म्हणून नव्हे. जग बुडतंय म्हणजे काय हे मुलांना कळत नाही, त्यांना ती फक्त आतषबाजी असते. पण दुसऱ्याची वही चुकून आपल्या दप्तरात आली आणि उद्या त्याला मार बसणार, हे सहा वर्षांच्या मुलीच्याही पोटात खड्डा पाडतं.

ही वहीची गोष्ट खरंच आहे, आणि माझ्या यादीत ती सगळ्यांत वर आहे. इराणच्या अब्बास किआरोस्तामींचा १९८७ चा सिनेमा. मूळ नाव 'खाने-ये दूस्त कोजास्त'. नातवाला हे नाव मोठ्यानं म्हणायला लावा आणि ओळखता येतं का विचारा. 'दूस्त' म्हणजे आपला दोस्त. 'खाने' म्हणजे दवाखान्यातलं, कारखान्यातलं 'खाना', घर. 'कोजास्त', कुठे आहे. दोस्ताचं घर कुठे आहे? फारसीतला अर्धा सिनेमा इथेच कळला. अहमद नावाचा मुलगा शाळेतून घरी येतो आणि बघतो तर वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाची वही आपल्याकडे आलेली. गुरुजींनी त्या मुलाला त्याच दिवशी बजावलंय की गृहपाठ पुन्हा वहीत दिसला नाही तर शाळेतून काढीन. दोस्ताचं गाव टेकडीपलीकडे. आई ऐकून घ्यायला तयार नाही: आधी अभ्यास कर, बाळाला झोका दे, पाव घेऊन ये. अहमद आईला समजावून थकतो आणि शेवटी पळतो. डोंगरावर नागमोडी पायवाट, वर एकच झाड, आणि हा वही छातीशी धरून पळतोय. बस, एवढंच. पलीकडच्या गावात घर सापडत नाही, म्हातारे भेटतात, अंधार पडतो.

यातल्या मोठ्या माणसांकडे नीट बघा, काकू. एकही दुष्ट नाही. फक्त कुणालाच ऐकायला वेळ नाही. पहिल्यांदा बघताना मला त्या आईचा राग आला होता. दुसऱ्यांदा बघताना मी माझाच आवाज ऐकला, "आधी हातपाय धू, मग बोल." शेवटच्या दोन मिनिटांबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. संथ आहे का? आहे. पण नऊ वर्षांचं मूल या संथपणाला कंटाळत नाही, त्याला घाई सुटते. "अरे सांग ना तिला! अरे त्या दारावर वाज ना!" असं ओरडायला लागतं. ओरडू द्या.

इराणची मंडळी यात पटाईत. १९६५ मध्ये तिथे मुलांच्या आणि कुमारांच्या बौद्धिक वाढीसाठी एक सरकारी संस्था निघाली, कानून म्हणतात तिला. तिच्या सिनेमा विभागात किआरोस्तामी तयार झाले. माजीद माजीदींचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) बऱ्याच लोकांना माहीत आहे: भावाच्या हातून बहिणीचे बूट हरवतात, दोघं मिळून एकच जोड वापरतात, ती सकाळच्या शाळेत, तो दुपारच्या. तुमच्याकडे भाऊ-बहीणच आहेत, त्यामुळे बूट गटाराच्या पाण्यात वाहून जायला लागतो तिथे कोण जास्त किंचाळतं ते बघा. जाफर पनाहींच्या 'द व्हाइट बलून'मध्ये (१९९५) नववर्षासाठी एका हट्टी पोरीला सोनेरी मासा हवा असतो. ती इतकी हट्टी आहे की तुमच्या नातीला ती ताबडतोब आवडेल आणि तुम्हाला डोकं धरून बसावंसं वाटेल.

पण सुरुवात यांच्यापासून करू नका. सुरुवात फुग्यापासून करा. 'द रेड बलून', फ्रान्सचा, १९५६ चा, जेमतेम ३४ मिनिटांचा. पॅरिसच्या जुन्या वस्तीतल्या एका मुलाला खांबाला अडकलेला लाल फुगा सापडतो, आणि तो फुगा कुत्र्याच्या पिल्लासारखा त्याच्या मागेमागे फिरू लागतो. शाळेत येतो, बसच्या मागून उडत येतो, खिडकीबाहेर वाट बघतो. दिग्दर्शक अल्बेर लामोरिस यांनी स्वतःच्याच मुलाला, पास्कालला, घेऊन हा काढला. संवाद जवळजवळ नाहीतच, तरी त्याला पटकथेचं ऑस्कर मिळालं. मला ही गंमत फार आवडते. भाषेचा प्रश्नच नाही, त्यामुळे नात, नातू आणि तुम्ही तिघंही एका पातळीवर. यातही एका ठिकाणी डोळ्यांत पाणी येतं, पण लगेच पुढे असं काही होतं की मुलं उठून उभी राहतात. हा पूर्ण बघा, मधे थांबू नका. मधे थांबलं की काय होतं ते आता आपल्याला माहीत आहे.

उत्तरायणाच्या आधीच्या शनिवारसाठी 'गट्टू' राखून ठेवा. राजन खोसा यांचा, २०१२ चा, हिंदी, हाही चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीचाच. रुडकी गावात आकाशात एक काळा पतंग उडतो, त्याला सगळे 'काली' म्हणतात, आणि तो कुणालाच कापता येत नाही. गट्टू कधी शाळेत न गेलेला, भंगारात काम करणारा पोरगा. काली कापायची तर सगळ्यांत उंच गच्ची हवी, आणि ती नेमकी शाळेची. म्हणून तो विद्यार्थी असल्याचं सोंग घेऊन शाळेत घुसतो. बडोद्याच्या मुलांना पतंगातलं काही समजावून सांगावं लागत नाही. मी हा एकदा आमच्या सोसायटीच्या आठ-दहा पोरांना दाखवला तेव्हा पेच लागल्याबरोबर सगळी खोली "काप्यो छे!" करून उठली होती, आणि खालच्या मजल्यावरचे काका काय झालं बघायला वर आले होते.

विशाल भारद्वाज यांच्या 'द ब्लू अंब्रेला'बद्दल जरा सांगायला हवं, कारण तो लोकांना माहीत असतो पण बघितलेला नसतो. रस्किन बाँड यांच्या छोट्या गोष्टीवरून केलेला. हिमाचलातलं गाव, बिनिया नावाची मुलगी, जपानी प्रवाशांकडून तिला मिळालेली निळी छत्री, आणि त्या छत्रीवर जीव जडलेला म्हातारा दुकानदार नंदकिशोर. पंकज कपूर यांनी तो असा केलाय की मुलं आधी त्याला हसतात, मग त्याचा राग करतात, आणि मग एका बर्फातल्या दृश्यात गप्प होतात. चोरी करणाऱ्याची दया यावी का? तुमचा नातू ज्या वयात आहे त्या वयात हा प्रश्न मुलांना खूप छळतो. वर्गात कुणी रबर चोरलं तर सगळा वर्ग न्यायाधीश होतो. सिनेमा उत्तर देत नाही, बिनिया देते. हिंदी असल्यामुळे वाचायची कटकट नाही, आणि डोंगर, बर्फ, छत्रीचा रंग हे सगळं नातीसाठी पुरेसं आहे.

मराठीचं म्हणाल तर परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४). पंढरपूर, कार्तिकीची गर्दी, विधवा आई, वडिलांनी भंगारातून जोडून दिलेली सायकल आणि तिचं नाव एलिझाबेथ. सायकल विकावी लागू नये म्हणून मुलं आईला न सांगता जत्रेत बांगड्यांचा गाडा लावतात. म्हणजे बघा, 'टिंग्या'चाच भाऊ, पण हसत हसत जाणारा. पंढरपूरची बोली बडोद्याच्या पोरांना पहिली दहा मिनिटं डोक्यावरून जाईल, नंतर ती ती नक्कल करायला लागतील. एकदोन शिव्याही शिकतील. सूनबाईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्याचंही खापर तुमच्यावर.

गुजरातीत पान नलिन यांचा 'छेल्लो शो' आहे. स्टेशनवर चहा विकणाऱ्याचा मुलगा, समय, आईनं दिलेला डबा थिएटरच्या ऑपरेटरला देतो आणि त्या बदल्यात त्याच्या खोलीत बसून सिनेमे बघतो. आई डबा करते ती दृश्यं बघून भूक लागते, हे आधीच सांगते. पुढे डिजिटल येतं, जुनी यंत्रं वितळवून त्यांचे चमचे होतात आणि रिळांच्या बांगड्या. दिग्दर्शक अमरेली जिल्ह्यातले. अमरेली म्हणजे आपल्या जुन्या बडोदे राज्याचाच प्रांत. यात बापाचा मार आहे, पोरं चोरी करतात, म्हणून नातवाला एकट्याला दाखवा, नातीला दोन वर्षांनी. तुमचं यजमानांबरोबर बघितलेलं सगळं टॉकीजमधलं होतं ना? मग त्याला सांगायला तुमच्याकडे बरंच निघेल.

सत्यजित राय यांचा 'गूपी गायने बाघा बायने' (१९६९) काळा-पांढरा आहे म्हणून मुलं नाक मुरडतील. भुतांचा नाच येईपर्यंत थांबा म्हणावं. तिथून पुढे ती हलत नाहीत. राय यांच्या आजोबांच्या गोष्टीवरून केलेला आहे, हेही नातवाला सांगा. आणि 'कुम्मट्टी', अरविंदन यांचा मल्याळम, १९७९ चा, अलीकडे पुन्हा स्वच्छ करून घेतलेला. कुम्मट्टी म्हणजे आपला बागुलबुवाच, पण हा गाणी म्हणत, नाचत गावात येतो आणि पोरं त्याला घाबरायच्या ऐवजी त्याच्या मागे लागतात. एके दिवशी तो खेळता खेळता त्यांना प्राणी करून टाकतो. सगळे परत माणसं होतात, एक मुलगा मात्र कुत्राच राहतो. कुत्रा होऊन घरी जातो, आई ओळखते. हा मला स्वतःला फार प्रिय आहे, पण पहिल्या पाचांत दाखवू नका. 'किल्ला' आणि 'श्वास' नातू बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत कपाटात राहू द्या.

आता तुम्ही न विचारलेली अडचण. यातल्या निम्म्या सिनेमांत खाली इंग्रजी अक्षरं येतात. नातवाला ती पळताना वाचता येणार नाहीत, नातीला तर नाहीच. मग तुम्ही वाचायची, मराठीतून, मोठ्यानं. शब्दाला शब्द नको. "तो म्हणतोय वही दे, ती म्हणते नाही देत" एवढं पुरतं. लाजू नका, यात बडोद्याची शान आहे. दादासाहेब फाळके आपल्याच कलाभवनात शिकले. मूकपटांच्या काळात पडद्यावर पाट्या यायच्या आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी थिएटरात कुणीतरी त्या मोठ्यानं वाचत असे. तेच काम तुम्ही करायचं. किंबहुना एक शनिवार फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) लावाच. जेवढा शिल्लक आहे तेवढा पुरेसा आहे. कृष्ण झालीय त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी, आणि सुरुवातीला ती नुसते चेहरे करून दाखवते: राग, हसू, भीती. तुमच्या नातीच्या वयाची मुलगी शंभर वर्षांपूर्वी कॅमेऱ्यासमोर तोंडं वेंगाडतेय! नात ते आरशासमोर करून बघणार, यावर मी पैज लावते.

हे लिहिताना आठवलं, सयाजीरावांच्या ग्रंथालय खात्यात पुस्तकांच्या पेट्यांबरोबर जादूचा कंदील आणि चलचित्रं घेऊन खेडोपाडी फिरणारी एक शाखाही होती. ज्याला वाचता येत नाही त्यानं निदान बघावं, कुणीतरी समजावून सांगावं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाल तेव्हा मुलांना हे सांगा. तिथले काचेचे मजले बघून ती तुमचं ऐकणार नाहीत, पण सांगा.

सूनबाईचं काय करायचं? तिच्या पाठीमागे काही लावू नका, एवढं पहिलं. दिवसभर राबून घरी आलेल्या आईला मूल रडवेलं दिसलं तर तिचा जीव जाणारच, तुमचाही मुलगा लहान असताना गेला असता. 'एज्युकेशनल' म्हणजे तिला बहुधा एवढंच हवंय की मुलांचं नुकसान होऊ नये. एका शनिवारी ती लवकर आली तर 'एक अनेक और एकता' लावा. सात मिनिटांची चित्रफीत, १९७४ ची, विजया मुळे यांची. आपली मराठी बाई. सूनबाईच्या पिढीनं ती दूरदर्शनवर इतक्यांदा पाहिलीय की पहिल्या सुरालाच ती पर्स खाली न ठेवता गायला लागेल. मुलांना आपली आई गाताना दिसेल. मग लगेच फुगा लावा, ती ३४ मिनिटं तिलाही बसवा. त्यानंतर 'टिंग्या'च्या उरलेल्या अर्ध्या भागाचा विषय तिच्यासमोरच काढा आणि नातवानं तुम्हाला काय विचारलं तेही तिला सांगा. मला वाटतं तो प्रश्न तिला अजून माहीतच नाही.

बाकी किरकोळ. हे सिनेमे आज एका ठिकाणी दिसतात, उद्या तिथून जातात, त्यामुळे नातवालाच शोधायला लावा. मूळ नाव लिहून द्या. मोबाइलवर नको, टीव्हीवरच, दिवे घालवून. पोरांशी वीस मिनिटांचा करार करा: वीस मिनिटं बसायचं, नाही आवडलं तर उठायचं, कुणी रागावणार नाही. आणि उठली तर खरंच रागवू नका. खायला वेफर्स नकोत, शांत सिनेमात ते फार वाजतात. सेव उसळ तर मुळीच नको, तर्री सतरंजीवर सांडते आणि मग सगळं लक्ष तिकडे. लीलो चेवडो द्या, तो वाजत नाही. सिनेमा संपल्यावर "मग काय शिकलात?" हे विचारायचं नाही. काही विचारायचंच नाही. जे बोलायचं ते तो दोन दिवसांनी आंघोळीला बसताना बोलेल, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

फुग्याचा सिनेमा बघून झाला की नातीला लाल फुगा हवा होणार. कमाटी बागेच्या दाराशी मिळेल. दोन घ्या, आणि दोन्ही लालच घ्या.

तुमची,
ताई